आडवा पट्टा

मातोझिन्योशच्या बंदरामागे, डबाबंद तारलीच्या कारखान्यात
मी सोळा डोळे काढायला गेले होते
आणि चौसष्ट बसवायला.

बेल्मिरो तिथला रात्रीचा राखणदार. एकोणीस वर्षं.
त्याने आधी माझ्यासाठी खुर्ची पुसली, मग म्हणाला,
"घड्याळ सात मिनिटं मागे आहे, सांगून ठेवतो."
रेकॉर्डरचं घड्याळ. कुणी कधी लावलंच नव्हतं नीट.
चोरी झाली की पोलीस यायचे, कॅसेट बघायचे,
कागदावर सात मिळवून लिहायचे.
ती बेरीज साऱ्या धक्क्याला पाठ होती.

फळीवर एकतीस कॅसेटी, तारखेला एक.
त्याच फितीवर महिन्यामागून महिना गिरवलेला,
इतका, की सतरा तारखेच्या माणसांना
चेहरेच उरले नव्हते.
चालीवरून ओळखायची.
"ही झुल्मिरा, डावा पाय ओढते.
आणि हा तिचा नवरा नाही."
तो हसला. कुणाला बोलला नव्हता कधी.
पुढच्या सतराला फीत आपणहून विसरायची.

मी हसले नाही. माझ्याकडे कामाची यादी होती.

भिंतीतून करंगळीएवढ्या जाड केबली ओढून काढल्या,
प्रत्येक डोळ्याची वेगळी, थेट या खोलीपर्यंत;
मध्ये कुणी नाही,
दिसलं ते तसंच्या तसं, खरखरत, कुरकुरत.
नवी तार बारीक.
तिच्यात चित्राचे तुकडे होतात, तुकड्यांवर पत्ता पडतो,
ते निघतात बाकीच्या गर्दीतून,
पगारपत्रकं, ऑर्डरी, कुणाच्या तरी मुलीच्या वाढदिवसाचे फोटो,
आणि पलीकडे जाऊन पुन्हा जुळतात. बहुतेक वेळा.
पलीकडे म्हणजे ब्रागा.
तिथे एक पोरगा एका रात्रीत नऊ कारखाने बघतो,
आणि तिथे काहीच विसरलं जात नाही.

शेवटच्या रात्री बेल्मिरोने पाच नंबरचा पडदा दाखवला.
शीतगृहाचं दार. त्यावरून एक आडवा करडा पट्टा
खालून वर सरकत होता,
घाई नसलेल्या माणसासारखा.
"हा दोष आहे," मी म्हणाले. "अर्थिंगचा. उद्यापासून दिसणार नाही."
"दोष कसला, तो कॉम्प्रेसर आहे."
मी ऐकलं,
म्हाताऱ्यांचं ऐकतात तसं.

चित्र इतकं स्वच्छ आलं की तारलीचे खवले मोजावेत.
मॅनेजरबाईंनी टाळ्या वाजवल्या.
घड्याळ आता एका सेकंदानेही चुकत नव्हतं.

ऑगस्टात, एका शनिवारी, कॉम्प्रेसर जळाला.
आधी तीन आठवडे तरी कण्हत असणार.
नव्या डोळ्यांनी ते दार पाहिलं:
बंद, चकचकीत, सुखरूप.
अकरा टन मासळीचं सोमवारी कळलं. वासाने.

मला बोलावलं, फुटेज तपासायला.
तपासलं.
दार.
दार.
पहाटे तीन चौदाला एक मांजर. मग दार.

फाटकाबाहेर बेल्मिरो उभा, हातात पावाची पिशवी.
त्याला आत कुणी बोलावलं नव्हतं.
त्याने एवढंच विचारलं,
"पट्टा जाड झाला नव्हता का?"

काय सांगणार.
पट्टा मीच पुसला होता,
बिलात तशी वेगळी ओळ होती.

सतरा नंबरची कॅसेट माझ्याकडे आहे.
लावायला यंत्र नाही.
कधी तरी कानाशी धरून हलवते.
आत काहीतरी सैल वाजतं,
डावा पाय ओढल्यासारखं.